कल्लाप्पाची चिठ्ठी

गंगव्वाच्या कॉम्प्युटरनं बुधवारपासून एकच नाटक लावलं होतं. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, मग खिडकीचं रंगीत चित्र यायचं, आणि आता उघडणार असं वाटेवाटेपर्यंत क्षणभर निळा पडदा चमकायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून चार दिवस त्याचा प्लग उपसून ठेवला होता. पाचव्या दिवशी लावला, तर हे असं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिनं कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी सांगावंच लागलं, कारण शनिवारी सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येणार होती आणि घरातलं काय काय बंद आहे ते जावई विचारत होते.

गंगव्वाचं माहेर निपाणीजवळचं आणि सासर बेंगळुरूचं. नवरा मल्लाप्पा जयनगरात लग्नपत्रिका छापून द्यायचा, कन्नड आणि मराठी दोन्ही. पत्रिकांचा मजकूर टाइप करून तपासायचं काम गंगव्वा करायची. मल्लाप्पा गेल्यावर दुकान बंद झालं आणि ती सर्जापूर रोडला मुलीच्या, मैत्रेयीच्या, अकराव्या मजल्यावरच्या घरी राहायला आली. बरोबर दोन ट्रंका आणि दुकानातला कॉम्प्युटर. घरातल्या सगळ्या वस्तू गुळगुळीत आणि पातळ. त्यांत हा एवढा थोरला लोखंडी खोका. जावई त्याला 'डबा' म्हणायचे.

जावई म्हणजे श्रीरंगराव, पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. माणूस वाईट नाही. सासूच्या गोळ्या संपायच्या आत नव्या आणून ठेवणारा जावई सगळ्यांच्या नशिबी नसतो, हे गंगव्वाला कळत होतं. पण त्यांना एक खोड होती. मराठी ऐकलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गंगव्वाच्या माहेरी बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणत. ते ऐकलं की श्रीरंगराव चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "येते, आई. येते." आजही सकाळी बेल वाजली तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "श्रीरंगराव, दार काढा, कोण आलंय बगा," तर ते हसत उठले आणि म्हणाले, "उघडा म्हणा, आई. काढलं तर परत बसवायला सुतार लागेल." मैत्रेयीच्या लग्नापासूनच्या चौदा वर्षांत हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल, त्याला गणती नव्हती. गंगव्वा दर वेळी मूग गिळून बसायची. जावयाला उलट बोलायचं नसतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

दारात वॉचमन रोशन होता. ई-कचऱ्याची गाडी आली आहे, एक वाजेपर्यंत थांबेल, जे द्यायचं ते खाली आणा, असं सांगून तो पुढच्या दाराकडे गेला. मैत्रेयी शनिवार असूनही व्हाइटफील्डला ऑफिसात होती. श्रीरंगरावांनी घड्याळ पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्यासमोर खुर्ची ओढली.

"बघतो काय ते. नाही झालं, तर आज त्याला निरोप. चालेल ना, आई?"

गंगव्वा चालेल म्हणाली नाही, चालणार नाही म्हणाली नाही. त्या डब्यात काय आहे, ते घरात फक्त तिला ठाऊक होतं. मुलीला वाटायचं, आई पत्ते खेळते.

सहा वर्षांपूर्वी श्रीरंगरावांचे मित्र जेवायला आले होते. गंगव्वा वाढत होती. "स्वल्प सरका, म्हणजे पानं मांडतो," असं ती म्हणाली आणि त्या 'स्वल्प'ला पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. श्रीरंगराव सांभाळून घेण्यासाठी म्हणाले, "आमच्या आईंचं मराठी जरा अशुद्ध आहे हां, अर्धं कानडीच असतं ते." पाहुणे गेल्यावर त्यांच्या ते लक्षातही राहिलं नसेल. गंगव्वाच्या मात्र ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झाल्यावर तिनं कॉम्प्युटर लावला, दुकानातला जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडला आणि पहिला शब्द लिहिला. पुढं अर्थ लिहिला, आणि तो शब्द कोण कसा बोलायचं ते एका वाक्यात लिहिलं. तेव्हापासून रोज एक, कधी दोन. आजीचे, चुलत्यांचे, सासूबाईंचे, जयनगरातल्या जुन्या मराठी शेजारणींचे. आता दोन हजार आठशे सेहेचाळीस शब्द झाले होते. बोलणारी बरीचशी माणसं मधल्या काळात एकेक करून गेली. शब्द फक्त या डब्यात उरले होते, आणि डबा निळा पडदा दाखवत होता.

श्रीरंगरावांनी कामाला सुरुवात केली, आणि ते काम जाणत होते, यात शंका नाही. खोक्याची एक बाजू उघडून त्यांनी धूळ झटकली. रॅमची पट्टी बाहेर घेऊन एका खोडरबरानं पट्टीची सोनेरी कड घासली आणि ती परत बसवली. वायरी बदलून पाहिल्या. दर वेळी मशीन सुरू केलं की पांढऱ्या अक्षरांपाशी ते थांबायचं, एक बटण दाबा म्हणायचं. श्रीरंगराव न वाचताच ते दाबून मोकळे व्हायचे. निळा पडदा काही ऐकत नव्हता.

मग त्यांनी हार्ड डिस्क सोडवली आणि एका वायरीनं आपल्या लॅपटॉपला जोडली. "डिस्क तर दिसतेय," ते म्हणाले. गंगव्वा चष्मा पुसत पुढं झाली. "हे काय, 'घरचे शब्द' म्हणून फोल्डर आहे. काय आहे यात?"

"माझं आहे."

त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, कंसांची रांग. पानंच्या पानं तसलीच.

"अरे देवा," श्रीरंगराव मान हलवत म्हणाले. "सगळं करप्ट झालंय, आई. कचरा आहे हा. सॉरी, पण यातलं काही वाचण्यासारखं उरलेलं नाही."

"कचरा न्हाई. मराठी हाय त्ये."

"मराठी असं दिसतं का?"

"आमच्या प्रोग्रामात दिसतंय. त्याची अक्षरं येगळी हायत. ती ह्याच मशीनीत उघडत्यात, तुमच्यात न्हाईत. कंपनी कवाच बंद पडली."

श्रीरंगरावांना हे पटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी डिस्क परत खोक्यात बसवली आणि तोच उपाय सांगितला, जो येणार हे गंगव्वाला एव्हाना माहीत होतं. "मग दोनच ऑप्शन आहेत. एक तर फॉरमॅट मारायचा, म्हणजे सगळं पुसून नवीन. पण एवढ्या जुन्या मशीनवर वेळ कशाला घालवायचा? त्यापेक्षा देऊन टाकू. तुम्हाला मी छान टॅब्लेट आणतो. पत्ते त्यावर जास्त मस्त दिसतात." ते उठून हात झटकू लागले. साडेबारा वाजले होते.

गंगव्वानं पदर खोचला. चौदा वर्षांत जावयासमोर ती प्रथमच खुर्चीवर बसली, तीही त्यांनी नुकत्याच रिकाम्या केलेल्या खुर्चीवर.

"मी देणार न्हाई," ती म्हणाली.

"आई—"

"फॉरमॅट मारायचा न्हाई आणि खालीबी न्ह्यायचा न्हाई. गाडी जाऊ दे. मी बगतो काय झालंय त्ये."

'बघते' असं म्हणायला श्रीरंगरावांनी तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहून मिटलं. गंगव्वाला राग आला होता, आणि तो आल्याचं तिला बरं वाटत होतं. चौदा वर्षं हा राग कुठं दडून बसला होता, याचंच तिला नवल वाटलं.

तिनं बटण दाबलं. पांढरी अक्षरं आली, मशीन थांबलं आणि बटण दाबा म्हणालं. तिनं दाबलं नाही, वाचत बसली. इंग्रजी तिला फार येत नव्हतं, पण दुकानात वीस वर्षं पत्रिका तपासणाऱ्या बाईची नजर कागदावर पहिल्यांदा कुठं जाते? तारीख आणि वार. वधूचं नाव चुकलं तर माणसं हसून सोडतात. तारीख एक आणि वार दुसराच पडला, तर वऱ्हाड चुकीच्या दिवशी उभं राहतं. त्यामुळे कुठलाही मजकूर दिसला, की आधी तारखेचा वाराशी मेळ घालायचा, ही तिची जुनी सवय होती.

"ह्ये बगा," ती म्हणाली. "एक जानेवारी, दोन हजार नऊ. गुरुवार. आज शनिवार हाय, आणि साल तर बगाच."

श्रीरंगराव वाकले. "हां, म्हणजे मदरबोर्डचा सेल संपला. चार दिवस प्लग नव्हता ना, म्हणून घड्याळ रिसेट झालं. पण त्यानं काय होतं, आई? सेल गेला म्हणून कॉम्प्युटर सुरू व्हायचा थांबत नाही."

"सेल कसला असतोय?"

"गोल, नाण्याएवढा."

गंगव्वा उठून स्वयंपाकघरात गेली. पीठ मोजायच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पाठीमागचं झाकण तिनं नखानं सरकवलं आणि आतला सेल तळहातावर घेऊन आली. श्रीरंगरावांनी तो पाहिला आणि जुन्याच्या जागी बसवला. तारीख दुरुस्त केली. मशीन पुन्हा सुरू झालं, खिडकीचं चित्र आलं, आणि निळा पडदा चमकला.

"बघा," ते म्हणाले. आवाजात हेटाळणी नव्हती, पण 'बघा' होतं.

गंगव्वानं हात टेकले नाहीत. पण पुढं काय करायचं तेही सुचत नव्हतं. जमिनीवर आडवी ठेवलेली खोक्याची पत्र्याची बाजू उचलून ती नुसतीच पुसू लागली, आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेली चिठ्ठी तिला दिसली. पिवळी पडलेली, निळ्या बॉलपेननं लिहिलेली. अक्षर कल्लाप्पाचं. कल्लाप्पा म्हणजे गोकाककडचा रिपेरीवाला. हे मशीन त्यानंच जोडून दिलं होतं आणि दुकान असेपर्यंत सांभाळलं होतं. घरात कन्नड आणि बाहेर मराठी, त्यामुळे दोन्ही एकाच दमात बोलायचा. मागच्या वर्षी तोही गेला.

तिनं मोठ्यानं वाचलं: "सेल बदलला की निळा पडदा येणार. घाबरू नये. सेटिंगात जाऊन आयडीई काढणे. कल्लाप्पा."

श्रीरंगराव ताठ बसले. "थांबा, थांबा. म्हणजे हे आधीही झालं होतं. सेल गेला की सेटिंग्ज मूळ पदावर जातात, आणि तिथंच काहीतरी अडतंय." ते भराभर कळा दाबत सेटिंगच्या निळ्याकरड्या पानावर गेले. आता त्यांनाही चेव चढला होता. शोधता शोधता त्यांना ती ओळ सापडली. हार्ड डिस्कशी मशीननं कसं बोलायचं, त्याच्या दोन रीती लिहिल्या होत्या. एक आयडीई, दुसरी नवी. निवडलेली होती नवी.

त्यांचे खांदे पडले. "आयडीई काढलेलंच आहे, आई. ऑलरेडी रिमूव्ह्ड. चिठ्ठीत लिहिलंय तसंच आहे सगळं. म्हणजे कारण हे नाही."

"काढलेलं कुठं हाय? बंद हाय की त्ये."

"तेच ना. काढलं म्हणजे बंद."

"पुण्यात," गंगव्वा म्हणाली.

श्रीरंगरावांनी पत्रा ओढून चिठ्ठी पुन्हा वाचली.

"पुण्यात काढलं म्हंजे बंद. आमच्याकडं दार काढ म्हंजे काय? तुम्हीच सांगा. चौदा वर्सं हसताय न्हवं त्याला?"

श्रीरंगराव हळूच म्हणाले, "उघड."

"कन्नडात 'तेगी' म्हणत्यात. उघडायलाबी तेगी आणि काढायलाबी तेगी. कल्लाप्पा तसाच बोलायचा, आणि मीबी तसाच बोलतो. आयडीई काढणे म्हंजे आयडीई उघडा. चालू करा."

इंटरकॉम वाजला. गाडी निघते आहे, काही द्यायचं आहे का, असं रोशन खालून विचारत होता. श्रीरंगरावांनी रिसीव्हर कानाशी धरला आणि गंगव्वाकडे पाहिलं. तिनं त्यांची वाट पाहिली नाही. चष्मा नाकावर सरकवून तिनं बाणाची कळ दोनदा दाबली, आयडीईवर आली, एन्टर दाबलं आणि खाली लिहिलेल्या कळेनं सेटिंग जतन केलं.

"द्यायचं काही नाही," श्रीरंगराव फोनमध्ये म्हणाले. "जाऊ द्या गाडी."

पांढरी अक्षरं आली आणि न थांबता निघून गेली. खिडकीचं चित्र आलं. निळा पडदा चमकायची वेळ झाली आणि टळली. मग दुकानातल्या काळापासूनचं ते हिरव्या डोंगराचं चित्र पडद्यावर सावकाश उमटलं, आणि गंगव्वाच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ती लपवली नाही.

प्रोग्राम उघडला, 'घरचे शब्द' उघडलं. डॉलर आणि कंस गेले होते. ठळक, गोल, स्वच्छ मराठी अक्षरं ओळीनं उभी होती. श्रीरंगराव दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि वाचू लागले.

"सुम्मे: उगाच, काही न करता. सासूबाई म्हणायच्या, सुम्मे बसलीस का, लसूण तरी सोल." "गलाटा: गोंगाट. थोरले मामा झोपलेत, पोरांनो, गलाटा बंद." "बेजार: कंटाळा, वाईट वाटणे. धनलक्ष्मीअक्का घर सोडून गेली तेव्हा लई बेजार झालं."

ते बराच वेळ वाचत होते. एका ठिकाणी हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. एका ठिकाणी थांबले आणि पुन्हा वाचलं. "हे सगळं तुम्ही लिहिलंत? कधीपासून?"

"सहा वर्सं झाली. तुमच्यामुळंच."

"माझ्यामुळं?"

"पाव्हण्यांपुढं तुम्ही म्हणालासा, आईंचं मराठी अशुद्ध हाय. मला लई लागलं त्ये. म्हटलं, अशुद्ध तर अशुद्ध, सगळं लिवून ठिवतो. मेल्यावर तरी कोण खोडायला येतंय बगू."

श्रीरंगरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते काहीतरी बोलणार होते, बहुधा माफीच मागणार होते, पण ते त्यांना जमलं नाही. त्यांना जे जमत होतं, तेच त्यांनी केलं. "आई, हे मशीन आज चाललं. उद्या चालेलच असं नाही. आणि हा प्रोग्राम दुसरीकडे कुठं चालणार नाही. हे सगळं माझ्या लॅपटॉपवर नव्यानं टाइप करावं लागेल. शब्द न् शब्द. मी करतो. रोज थोडं थोडं."

"तुम्ही सुधारणार."

"नाही सुधारणार."

"सवय हाय तुमची."

"आहे," ते म्हणाले. "तुम्ही शेजारी बसा. सुधारलं तर हातावर मारा."

जावयाच्या हातावर मारायची कल्पना गंगव्वाला इतकी अघोरी वाटली की तिला हसू फुटलं. जेवायची वेळ कधीच टळली होती. भात निवत होता. दोघांपैकी कुणी उठलं नाही. श्रीरंगरावांनी लॅपटॉप उघडून नवं कोरं पान घेतलं आणि तिच्या पडद्यावर बघून पहिला शब्द टाइप केला. स्वल्प. त्यापुढं अर्थ.

दुसरा शब्द टाइप झाला आणि त्याच्याखाली नागमोडी लाल रेघ उमटली.

"ही कसली रेघ?" गंगव्वानं विचारलं.

"कॉम्प्युटर शब्द तपासतो. हा शब्द त्याला माहीत नाही. म्हणून चूक आहे म्हणतोय."

"आणि पहिल्याला न्हाई आली ती?"

श्रीरंगरावांनी वर पाहिलं. स्वल्पाखाली खरंच रेघ नव्हती. "नाही आली," ते म्हणाले. "तो त्याच्या मते शुद्ध आहे."

"सहा वर्सं उशिरा कळलं," गंगव्वा म्हणाली. "बरं, ह्या दुसऱ्याचं काय करायचं म्हणतंय त्ये?"

त्यांनी शब्दावर बाण नेऊन कळ दाबली. छोटी यादी उघडली. "शब्द बदलू का, म्हणून विचारतंय. नाहीतर शब्दकोशात घालू का, म्हणतंय. घातला की पुन्हा चूक म्हणणार नाही."

गंगव्वानं पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली.

"घाला," ती म्हणाली.

त्यांनी घातला. लाल रेघ गेली. त्यांनी तिसरा शब्द टाइप केला, आणि त्याच्याखालीही रेघ आली.

"घाला."

चौथ्याला त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाचव्यालाही नाही. दोन हजार आठशे एकेचाळीस राहिले होते.